मांजर : रोगनिवारणाचे साधन ते रोगनिवारणाचा विषय
(तारापूर, मुंबई व अमरावती यांच्या संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील पशुवैद्यकाचा इतिहास मुख्यतः गाय-बैल आणि घोडा या प्राण्यांभोवती लिहिला गेला आहे. त्यास सबळ कारणेही आहेत. शेती बैलावर आणि सैन्य घोड्यावर अवलंबून असलेल्या काळात राज्यसंस्थेने याच प्राण्यांच्या आरोग्याकडे लक्ष पुरविले व त्यांचेच दप्तर मागे राहिले. चुलीपाशी, धान्याच्या कणगीजवळ आणि मासळीच्या टोपलीभोवती वावरणारे मांजर या दप्तरात क्वचितच भेटते. ज्या एका प्रसंगी ते ठळकपणे भेटते, तेथे त्याची नोंद रुग्ण म्हणून झालेली नाही. माणसाला प्लेगपासून वाचविणारे साधन म्हणून झालेली आहे. हा प्रसंग १९०८ सालचा, वऱ्हाडातील अमरावतीचा. प्रस्तुत निबंधात त्या प्रसंगाचा परामर्श घेऊन, मांजराच्या स्वतःच्या आरोग्याचा प्रश्न त्या वेळी का उपस्थित झाला नाही आणि तो न झाल्यामुळे त्या उपाययोजनेत कोणता दोष राहिला, याचा विचार केला आहे. विवेचनासाठी आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर हे स्थळ आधाराला घेतले आहे. वऱ्हाडचा कापूस, मुंबईची पशुवैद्यकीय संस्था आणि मासळीच्या किनाऱ्यावरील मांजर हे तिन्ही धागे या एका बंदराशी येऊन मिळतात.

तारापूर : बंदर, बाजार आणि वऱ्हाडचा धागा

तारापूर हे पोर्तुगीज अमलातील उत्तर कोकणचे एक तटबंदीचे ठाणे होते. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ते घेतले आणि त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. इतिहासग्रंथांतून तारापूरची ओळख बहुधा एवढ्यावरच संपते. तथापि किल्ल्याचे लष्करी महत्त्व ओसरल्यानंतर या गावाने व्यापारात जे स्थान मिळविले, ते अधिक दूरगामी ठरले. विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी हे बंधू तारापूरच्या पारशी घराण्यातील. निजामाच्या राज्यात सावकारी करणाऱ्या त्यांच्या पेढीने १८२५-२६ मध्ये वऱ्हाडातून कापूस थेट मुंबईस पाठविला. वऱ्हाडच्या कापसाच्या मुंबईकडील थेट निर्यातीचा आरंभ म्हणून या घटनेची नोंद केली जाते. पुढे याच पेढीने खामगाव येथे कापूस दाबण्याचे यंत्र बसविले.

प्लेगच्या अभ्यासकास या व्यापारी दुव्याचे विशेष महत्त्व वाटावयास हवे. कापसाचे गठ्ठे व धान्याची पोती ज्या मार्गांनी गेली, त्याच मार्गांनी पुढे सात दशकांनी उंदीर आणि त्यांच्या अंगावरील पिसवाही गेल्या. माणसे पळून जात तेव्हा आजार त्यांच्यासोबत जातो, हे सर्वांनाच दिसत होते. परंतु मालासोबत जाणारा आजार ओळखण्यास बराच अवधी लागला.

तारापूरच्या परिसरात या मालाखेरीज आणखी एक वस्तू उंदरांना व म्हणून मांजरांना आकर्षित करीत आली आहे, ती म्हणजे सुकी मासळी. घिवली, दांडी, उच्छेळी या किनाऱ्यावरील वस्त्यांतून पावसाळा संपल्यावर बांबू व दोऱ्यांच्या ओळींवर बोंबील वाळत घातले जातात. वाळलेला माल घरातच साठविला जातो. मांगेला, वैती आदी मच्छीमार समाजांच्या घरांत मांजर हे पाळलेले आणि न पाळलेले यांच्या मधले असते. त्याला कोणी विकत आणीत नाही व कोणी हाकलूनही देत नाही. मासळी निवडताना टाकलेली डोकी हे त्याचे अन्न, मालाच्या राशीभोवतीचे उंदीर ही त्याची कामगिरी. अशा मांजराला धनी असतो काय, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने पुढे महत्त्वाचा ठरला.

दया, उपचार आणि प्रतिबंध

प्राण्यांविषयीची दया, त्यांच्यावरील उपचार व त्यांना रोग होऊच नये म्हणून घेतलेली काळजी या तीन भिन्न गोष्टी आहेत आणि महाराष्ट्रात त्या भिन्न काळी अवतरल्या. दयेची परंपरा सर्वांत जुनी. मनुस्मृतीने मांजराच्या हत्येस प्रायश्चित्त सांगितले आहे, आणि मांजर मारणाऱ्यास काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते ही समजूत मराठी घरांतून कालपरवापर्यंत ऐकू येत असे. गंमत अशी की तेच मांजर आडवे गेले असता त्याच घरातील माणूस चार पावले मागे फिरत असे. मांजर अवध्य होते. त्याने ते आदरणीय झाले नाही.

संस्थात्मक पातळीवर मुंबईत १८३२ मध्ये बेवारस कुत्र्यांना मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी समाजातून दंगल उसळली आणि तिच्या पार्श्वभूमीवर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व त्यांच्या सहकारी व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. पांजरपोळ हा आश्रय होता, रुग्णालय नव्हे. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत निघाली. पुढील दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय उभे राहिले. त्याच आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. येथे उपचाराचे युग सुरू झाले असे म्हणता येईल.

प्रतिबंधाचे युग मात्र वेगळ्या वाटेने आले आणि त्या वाटेवर मांजर नव्हते. पुण्यातील १८६२ ची सैनिकी पशुवैद्यक शाळा घोड्यांसाठी होती. गुरांच्या साथींविषयी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा मुख्य विषय बुळकांडी हा होता. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेली व १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलविलेली शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा मुख्यतः गुरांच्या व घोड्यांच्या साथींसाठीच होती. १८९९ चा ग्लँडर्स व फार्सी कायदा घोडा, गाढव व खेचर यांच्यापुरता होता. ज्या प्राण्याच्या मृत्यूने महसूल बुडतो किंवा पलटण अडते, त्याच प्राण्याच्या रोगास प्रतिबंध करण्यावर शासनाने खर्च केला, असा निष्कर्ष या कालक्रमातून सहज निघतो.

प्लेग, उंदीर आणि परळची प्रयोगशाळा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत शहराच्या सुमारे साडेआठ लाख लोकसंख्येपैकी लाखो माणसे रेल्वेने व गलबतांनी बाहेर पडली. उत्तरेकडे जाणाऱ्यांचा मार्ग विरार, पालघर, बोईसर, डहाणू असा होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या व त्यांतून पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला हल्ला हा भाग सर्वज्ञात असल्याने येथे त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा नंतरचा आहे. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमोंद यांनी कराची येथे उंदरावरील पिसू हाच प्लेगचा वाहक असल्याचे मांडले; त्या मतास आरंभी फारसा मान मिळाला नाही. १९०५ मध्ये सुरू झालेल्या प्लेग संशोधन आयोगाच्या परळ येथील कामाने ते निर्विवाद केले. आयोगाने मुंबईतील लाखाहून अधिक उंदीर तपासले. गटारात राहणारा तपकिरी उंदीर व घरात राहणारा काळा उंदीर यांत भेद केला आणि साथ आधी गटारातील उंदरांत, त्यानंतर सुमारे दहा दिवसांनी घरातील उंदरांत व त्यापुढे दहा ते चौदा दिवसांनी माणसांत उतरते, असा क्रम दाखवून दिला. प्लेगचा प्रश्न आता उंदराचा प्रश्न झाला. सापळे लावणे, विष घालणे, मेलेले उंदीर गोळा करणे हे नगरपालिकांचे नित्याचे काम होऊन बसले.

मात्र या कामात एक सामाजिक अडचण होती. गणपतीच्या वाहनाला विष घालणे अनेक हिंदूंना रुचत नव्हते, जैन समाजास तर कोणतीही हत्या निषिद्ध होती. शिवाय एक जैविक अडचणही होती. उंदीर मेला की त्याच्या अंगावरील भुकेल्या पिसवा जवळच्या उष्ण रक्ताच्या प्राण्याकडे, म्हणजे बहुधा माणसाकडे वळतात. साथ सुरू झाल्यावर केलेली उंदरांची कत्तल त्यामुळे कधीकधी उलट फळ देई. साथ नसतानाच घरात उंदरांची संख्या कमी राहील असा, कोणाच्याही धर्मभावनेस न दुखविणारा आणि खर्च न येणारा उपाय हवा होता.

अमरावतीचा प्रयोग

हा उपाय अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन यांनी सुचविला. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील हे अधिकारी पूर्वी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहाचे अधीक्षक होते. लाखेच्या डाळीमुळे होणाऱ्या पांगळेपणावरील त्यांचा अहवालही प्रसिद्ध आहे. आहार, तुरुंग, खेडे अशा स्थळी प्रत्यक्ष मोजदाद करून निष्कर्ष काढण्याची त्यांची पद्धती होती. ऑक्टोबर १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा ‘प्लेगनिवारक म्हणून मांजरे’ या आशयाच्या शीर्षकाचा लेख प्रसिद्ध झाला.

त्यांची पद्धत दिसावयास अगदी साधी होती. खेड्यातील घरे मोजावयाची, मांजरे मोजावयाची, आणि त्या खेड्यात प्लेग झाला किंवा नाही हे पाहावयाचे. घरांच्या संख्येच्या निम्मी वा त्याहून अधिक मांजरे असलेली गावे प्लेगपासून जवळजवळ मुक्त राहिल्याचे आणि मांजरे कमी असलेल्या गावांत साथ शिरल्याचे त्यांना आढळले. यावरून प्रत्येक घरी मांजर पाळण्यास उत्तेजन द्यावे, अशी शिफारस त्यांनी केली. त्याच वर्षी जपानच्या दौऱ्यावर गेलेल्या रॉबर्ट कॉख यांनी या उपायाची प्रशंसा केली व तेथे मांजरे पाळण्यास उत्तेजन मिळाले. वऱ्हाडातील खेड्यांत केलेली मांजरांची शिरगणती काही महिन्यांत टोकियोपर्यंत पोहोचावी, ही त्या काळातील वैद्यकाच्या दळणवळणाची एक लक्षणीय साक्ष आहे.

या निष्कर्षाचे आज मूल्यमापन करताना दोन टोके टाळली पाहिजेत. त्याला वसाहतकालीन वैद्यकातील एक विक्षिप्त कल्पना म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. खेड्यातील छपरात राहणारा काळा उंदीर आकाराने लहान असतो आणि मांजर त्याची शिकार खरोखरच करते. मांजराच्या नुसत्या वावरानेही उंदीर ती जागा टाळतो. गटारातील थोराड तपकिरी उंदराच्या वा घुशीच्या बाबतीत मात्र मांजर सहसा माघार घेते. म्हणजे जो उपाय वऱ्हाडच्या खेड्यात लागू पडण्याचा संभव होता, तो मुंबईच्या गोदामांत व गटारांत तेवढा लागू पडण्यासारखा नव्हता. एक उपाय सर्व स्थळी सारखा, असे मानणाऱ्या प्रशासनास हा भेद सहज उमजण्याजोगा नव्हता.

दुसरीकडे, या मोजणीस पुरावा म्हणून निःशंकपणे स्वीकारताही येत नाही. ज्या गावात मांजरे अधिक, ते गाव इतर कोणत्या बाबतींत वेगळे होते? गाव लहान की मोठे, बाजारपेठेच्या वाटेवर की आडबाजूला, साथीच्या काळात लोक शेतावर राहावयास गेले की घरातच राहिले, हाफकिन यांची लस किती जणांनी टोचून घेतली, या सर्वांचा परिणाम प्लेगवर होत असे. आडगावात मांजरे जगतात व प्लेगही येत नाही. दोन्हींचे कारण तिसरेच असू शकते. शिवाय कार्यकारणाचा उलट क्रमही संभवतो. ज्या गावात उंदरांची साथ येऊन गेली, त्या गावात मांजरेच मेली असतील तर?

हा शेवटचा प्रश्न या निबंधाचा गाभा आहे. मांजरास प्लेग होत नाही, हे या शिफारशीचे न बोललेले गृहीतक होते. पशुवैद्यकाच्या नजरेने मांजराकडे पाहिले गेले असते तर या गृहीतकाची परीक्षा झाली असती. परळला प्लेगची प्रयोगशाळा व पशुवैद्यकीय महाविद्यालय एकाच उपनगरात होते, तरीही मांजर हे दोहोंच्या मधल्या जागेत राहिले. प्रयोगशाळेचा विषय उंदीर, पिसू व माणूस होता. महाविद्यालयाचा विषय गुरे व घोडे. मांजराची गणती वैद्याने केली, परंतु त्याची नाडी कोणी पाहिली नाही.

गृहीतकाचा निकाल

या गृहीतकाचा निकाल लागण्यास सुमारे सत्तर वर्षे जावी लागली, आणि तो भारतात लागला नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात रानटी कृंतक प्राण्यांत प्लेग टिकून आहे. तेथे १९७७ ते १९९८ या काळात मांजरांकडून माणसांना झालेल्या प्लेगच्या २३ प्रकरणांची नोंद झाली व त्यांपैकी ५ जण दगावले. प्रायोगिक संसर्गातही असे दिसून आले की कुत्र्यास प्लेग सौम्य होतो, मांजरास मात्र तीव्र होतो. आजारी उंदीर खाल्ल्याने जबड्याखालील गाठी सुजतात, काही मांजरांच्या फुफ्फुसात रोग उतरतो व अनेक दगावतात. फुफ्फुसात रोग उतरलेले मांजर खोकल्यातून तो थेट माणसास देऊ शकते. थोडक्यात, १९०८ मध्ये घराच्या संरक्षणार्थ ठेवण्यास सांगितलेला प्राणी साथ आल्यावर स्वतःच रोगाचा वाहक होण्याची शक्यता होती. साथ नसताना तो उंदीर कमी ठेवीत असेलही. साथ आल्यावर त्याची स्वतःची तपासणी, पिसवांपासून त्याचे रक्षण आणि आजारी पडल्यास त्याचे विलगीकरण आवश्यक होते. रोगनिवारणाचे साधन व रोगनिवारणाचा विषय या दोन गोष्टी एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. ज्या १९०८ साली ब्युकॅनन यांचा लेख प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी ट्युनिस येथे निकोल व मांसो यांनी एका कृंतकात, आणि ब्राझीलमध्ये स्प्लेंदोरे यांनी सशात, पुढे टॉक्सोप्लाझ्मा या नावाने ओळखल्या गेलेल्या परजीवीचे वर्णन केले. हा परजीवी आपले जीवनचक्र मांजराच्या आतड्यात पूर्ण करतो, हे १९७० च्या सुमारास सिद्ध झाले. गर्भवती स्त्रीच्या घरातील मांजर सोडून देण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. वस्तुतः मांजराच्या विष्ठेतील बीजाणू संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात; त्यामुळे रोजच्या रोज व घरातील दुसऱ्या व्यक्तीने केलेली सफाई आणि मांस नीट शिजविणे हा यावरील खरा प्रतिबंध आहे.

सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेग महाराष्ट्रात व गुजरातेत पुन्हा अवतरला. प्रथम बीड जिल्ह्यातील मामला गावी, त्यानंतर सुरतेत. सुरतेत पन्नासहून अधिक मृत्यू झाले आणि लाखो लोक शहर सोडून निघाले; त्यांतील मुंबईकडे येणाऱ्यांच्या गाड्या डहाणू, बोईसर, पालघर या क्रमाने आल्या. शंभर वर्षांपूर्वीचा मार्ग उलट दिशेने पुन्हा वापरला गेला. मधल्या काळात तारापूर परिसर ओळखू न येण्याइतका बदलला होता. १९६९ मध्ये अणुविद्युत केंद्र सुरू झाले होते, बोईसरची औद्योगिक वसाहत उभी राहिली होती. या वेळी उपाययोजना टेट्रासायक्लिन, पिसूनाशक फवारणी व प्रवाशांची तपासणी यांवर केंद्रित होती. गावोगावी मांजरे पाळण्याची शिफारस कोणी केली नाही. मांजर साधन म्हणून निवृत्त झाले होते.

मांजर रुग्ण होते तेव्हा

मांजराच्या स्वतःच्या साथींचा अभ्यास विसाव्या शतकात प्रामुख्याने युरोप-अमेरिकेत झाला. पिल्लांना उलटी, जुलाब व पांढऱ्या रक्तपेशींचा ऱ्हास घडवून दोन-चार दिवसांत मारणारा फेलाइन पॅनल्यूकोपेनिया हा विकार विषाणुजन्य असल्याचे १९२८ मध्ये फ्रान्समध्ये दाखविण्यात आले. ‘पिल्ले जगत नाहीत’ असे म्हणून घरोघरी जे सोडून दिले जाई, त्याचे एक मोठे कारण हा विकार होय. त्याच्या जोडीला नाक-डोळ्यांचा हर्पीस व तोंडात व्रण आणणारा कॅलिसी हे दोन विषाणू. या तिन्हींविरुद्धची संयुक्त लस पिल्लाच्या सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर तीन ते चार आठवड्यांनी, वय सोळा आठवडे होईपर्यंत वा त्यापुढेही, दिली जाते. एवढ्या वेळा देण्याचे कारण असे की आईच्या दुधातून मिळालेली प्रतिद्रव्ये लसीला निष्फळ करतात आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत निराळे असते. अलर्काची लस तिसऱ्या महिन्यात व पुढे दरवर्षी. भारतात ही शेवटची लस सर्वांत महत्त्वाची ठरते, कारण मांजराचा ओरखडा वा चावा लोक कुत्र्याच्या चाव्याइतका गंभीर मानीत नाहीत. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ रुग्णालय गाठण्याची निकड दोन्हींत सारखीच असते.

कायद्याने मांजराची दखल उशिरा घेतली. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंध व नियंत्रणाविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत कुत्र्याच्या शेजारी मांजराचे नाव आले. घोड्यापुरत्या मर्यादित १८९९ च्या कायद्याशी तुलना करता हे अंतर एकशे दहा वर्षांचे आहे. प्राणी जन्मनियंत्रणाचे २००१ चे नियम शीर्षकानेच श्वानांपुरते होते. मार्च २०२३ मध्ये आलेल्या नव्या नियमांच्या शीर्षकातून श्वान हा शब्द गळला.

तारापूरच्या किनाऱ्यावर या सर्वांचा अर्थ व्यवहारात काय होतो, हे पाहिले असता जुना प्रश्न नव्या रूपात समोर येतो. बोईसरच्या सदनिकांतील मांजराला धनी असतो, त्याची लसीची पुस्तिका असते व तीन मात्रांसाठी तीनदा नेणारा माणूस असतो. मासळी सुकविण्याच्या जागेवरील पिल्लू ठराविक अंतराने तीनदा हाती लागणे जवळजवळ अशक्य. शिवाय मादी पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते, त्यामुळे आज टोचलेल्या पिल्लांच्या जागी वर्षभरात न टोचलेली नवी पिल्ले उभी राहतात. म्हणून अशा वस्त्यांत मांजर पकडून, एकाच भेटीत शस्त्रक्रिया, अलर्काची लस व संयुक्त लसीची एक मात्रा देऊन, कानाच्या टोकावर खूण करून ते पकडल्या जागीच सोडण्याची पद्धत पशुवैद्य अवलंबितात. वाढलेल्या मांजरात आईची प्रतिद्रव्ये ओसरलेली असल्याने पॅनल्यूकोपेनियाविरुद्ध त्या एका मात्रेचाही उपयोग होतो. मांजर त्याच जागी सोडले जाते, आणि त्याच्या तेथील असण्याने सुक्या बोंबलाच्या राशीभोवतीचे उंदीर दूर राहतात.